तुटायची काठी

बहरीनमधल्या सलमाबादच्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये यादवराव तायडे सुतारकाम करायचा. मूळचा बुलढाण्याकडचा, बायको चंपाबाई आणि मुलगी मैत्री गावीच. नऊ वर्षांत त्याच्या हातची एकही वस्तू मोडून परत आली नव्हती. म्हणून १९९६ साली सनाबिसच्या एका शाळेची ऑर्डर आली, तेव्हा फोरमन रहिमतुल्लाने ती दोनदा वाचली. शाळेला मोडणारी काठी हवी होती.

समजावायला इतिहासाच्या हेमा मॅडम स्वतः आल्या. त्या पुण्याच्या.

"मुलं नाटक करताहेत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, त्याच्या पाच वर्षं आधीचा प्रसंग. चार्ल्स समनर हे उत्तरेकडचे सिनेटर. ते गुलामगिरीविरुद्ध बोलले. दोन दिवसांनी प्रेस्टन ब्रुक्स हा दक्षिणेचा खासदार सभागृहात शिरला आणि लिहीत बसलेल्या समनरना काठी तुटेपर्यंत मारलं."

"मारनाऱ्याचं काय झालं?" यादवरावने विचारलं.

"दंड. त्याने राजीनामा दिला, लोकांनी पुन्हा निवडून दिलं. वर नव्या काठ्या भेट पाठवल्या."

त्याने पेन्सिल कानावर खोचली. "कितव्या फटक्याला तुटायला पाह्यजे?"

"दहाव्या."

पहिली काठी तालमीत पहिल्याच फटक्याला तुटली. दुसरीही तशीच. तिसरी नुसती उगारली आणि गेली. रहिमतुल्ला म्हणाला, "यादव, तेरा हाथ खलास हो गया क्या?"

हेमा मॅडम तुकड्यांची पिशवी घेऊन पुन्हा आल्या. यादवराव रंधा मारत होता.

"मॅडम, आमच्या बापाले गावच्या विहिरीवर मारलं व्हतं. पानी भरलं म्हनून. वेताची काठी व्हती. तुटायले लय वेळ लागला." त्याने भुसा फुंकला. "मले वाटलं, ही लवकर तुटावी."

मॅडमनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "काठी लवकर तुटली की मुलं हसतात, यादवराव."

रंधा थांबला. "हसतेत?"

"तिन्ही वेळा हसली."

चौथी काठी बनवायला त्याने चार दिवस घेतले.

नाटकाच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या दाराशी उभा राहिला. समनरचं काम शिवांगी नावाची मुलगी करत होती. कोटाखाली तिला उशी बांधलेली. दहाव्या फटक्याला काठी तुटली. कोणी हसलं नाही. पुढच्या प्रवेशात समनरची खुर्ची रिकामीच होती. समनर बरे होऊन परतेपर्यंत तीन वर्षं ती तशीच राहिली, असं पडद्याआडून कोणीतरी सांगितलं. इंग्रजी असूनही यादवरावला ते कळलं.

त्या शुक्रवारी त्याने चंपाबाईला पत्र लिहिलं: विहिरीवर आबांना मार बसला होता, हे मैत्रीला आपण कधी सांगितलं नाही. आता सांग.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तब्येतीची चौकशी, गोठ्याच्या पत्र्याची तक्रार आणि खाली मैत्रीच्या अक्षरात एक ओळ: काठी तुटल्यावर आबांनी काय केलं?

यादवरावने बराच वेळ आठवून पाहिलं. मग लिहिलं, "घागर भरली आणि घरी आले."