बेड चौदा नव्हे, बलविंदर

मेजर रोझाताई लोपीस यांची आणि माझी पहिली ओळख म्हणजे सरळ बोलणी खाणे. पंजाबातले ते दहशतवादाचे दिवस. चंडीगडजवळच्या लष्करी रुग्णालयात मी साताऱ्याहून नुकताच कारकून म्हणून रुजू झालो होतो. वॉर्डात जाऊन विचारले, "बेड चौदाचे कागद कुठे आहेत?" ताईंनी चष्म्यावरून पाहिले. "बेडला कागद लागत नाहीत, कुलकर्णी. माणसाला लागतात. त्याचं नाव बलविंदर."

ताई वॉर्डाच्या प्रमुख परिचारिका, मूळच्या वसईच्या. परमुलखात मराठी माणूस भेटल्याचा माझा आनंद तिथेच विरला. पण माझी पत्नी तापाने फणफणली, तेव्हा संचारबंदीत पास काढून याच ताई घरी आल्या, पेज करून गेल्या आणि पेजेत मीठ घालायचे राहिले म्हणून स्वतःवरच चिडल्या.

त्या वर्षी वॉर्डात अकरा जवान दगावले. बलविंदरही गेला. नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा महिना. डोंगरातल्या जुन्या छावणीत इंग्रजांच्या काळातले चर्च आहे, तिथे या जवानांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, करायचे ताईंनी ठरवले. मिस्सात मृतांची नावे मोठ्याने वाचतात. ती यादी टाईप करण्याचे काम माझ्याकडे आले.

आता माझे शहाणपण पाहा. ख्रिस्ती प्रार्थनेत ख्रिस्ती नावेच असणार, असे मी परस्पर ठरवले. तीन नावे टाईप केली आणि कागद थेट फादरांच्या हाती दिला.

बलविंदरच्या आईला ताईंनी मुल्लानपूरला पत्र धाडले होते. नाक्या-नाक्यावरची झडती सोसत, दोन बस बदलून ती माउली आली आणि पुढच्या बाकावर बसली. फादरांनी तीन नावे वाचून कागदाची घडी घातली. तिने हळूच मुलाच्या नावाबद्दल विचारले, "मेरे बलविंदर दा नां?"

त्या दिवसांत पगडी दिसली की लोकांची नजर बदलायची. मुलगा फौजेत असताना गेला, तरी शीख म्हणून त्याचे नाव गाळले, असेच तिला वाटले असणार. मला जागचे हलवेना.

ताई उठल्या. "फादर, अजून आठ आहेत." हातात कागद नव्हता. "बलविंदर सिंग, मुल्लानपूर," इथपासून सुरुवात करून त्यांनी आठही नावे गावासकट सांगितली. आई ओढणी सारखी करून उभी राहिली आणि शेवटचे नाव होईपर्यंत उभीच होती.

बाहेर आल्यावर ताईंनी तिचे हात धरले. "बीजी, गलती मेरी है. लिस्ट मुझे देखनी थी." मी दोन पावलांवर उभा होतो. ताईंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. परतताना गाडीत मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नीट टाईप करा." बदली होईपर्यंत दर नोव्हेंबरात मी ती यादी टाईप केली, आणि दर वेळी आधी ताईंना दाखवली.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. या लेखासाठी मी बऱ्याच वर्षांनी फोन केला. म्हटले, "ताई, मी तुमचा जुना कारकून बोलतोय."

"कारकुनाला नाव नसतं का, कुलकर्णी?"

ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आमची नावे तुमच्या तोंडून आम्हाला अजून पुष्कळ वर्षे ऐकायची आहेत.