छपराखालचं अक्षर

माझ्यासारख्यानं लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे. वाचणाऱ्यांनी माफ करावं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, आणि एक अक्षर वाचता येईना म्हणून त्या वर्षी मला घरी तोंड दाखवायची चोरी झाली होती.

माझा थोरला भाऊ फौजेत होता, जपान्यांच्या कैदेत सापडला. लढाई संपल्यावर त्याच्या पलटणीतला एक जण खानदेशात, म्हसावदला आमच्या घरी आला. भावाला लिहिता येत नव्हतं, म्हणून छावणीवरच्या एका कोरियन पहारेकऱ्यानं त्याच्यासाठी चिठ्ठी लिहून दिली होती. ती या सोबत्यानं आणली होती. तीत एकच चिनी अक्षर. पुढे भाऊ आजारी पडला, त्याची नि या सोबत्याची ताटातूट झाली. तो जिवंत आहे का, हे त्या माणसालाही ठाऊक नव्हतं.

बापानं चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "वाच."

"हे आपलं अक्षर नही, बा."

"इतल्या बुका वाच्या, आनि एक अक्षर वाचता नही येस तुले?"

मी ते वहीत उतरवून बडोद्याला नेलं. एक प्राध्यापक म्हणाले, मंत्र असावा. दुसरे म्हणाले, परीक्षेत हे विचारत नाहीत.

दिवाळीला घरी आलो तर आईनं ते अक्षर मनगटावर गोंदवून घेतलेलं! नुसतं उघडं दिसतं म्हणून गोंदणारणीनं भोवती पाच ठिपकेही दिलेले. शेजारणीनंही तेच गोंदवलेलं. मी कपाळावर हात मारला.

"माय, याना अर्थ 'मरी गया' निंघना तर?"

"मन्हा पोऱ्यानी धाडेल शे. कागद फाटी जाई, हात थोडाच फाटस? आनि तुले अर्थ म्हाईत नही, तर तू इतलं शिकी ऱ्हायना ते कसाले?"



शेवटी बडोद्यात सायकलवरून रेशीम विकणारा एक चिनी फेरीवाला भेटला. वही पाहून तो हसला. "ऊपर छप्पर. नीचे औरत बैठा. घर में औरत बैठा, तो सब ठीक." म्हणजे सुखरूप. अक्षराचा उच्चार 'आन', कोरियावालेही तसाच करतात, आणि भेटल्यावर याच अक्षरानं सुरू होणाऱ्या शब्दानं खुशाली विचारतात, असं त्यानं सांगितलं.

पण सुखरूप केव्हा? लिहिलं तेव्हा! आज काय? मी चिडून वही मिटली.

दोन दिवसांनी बापानं मास्तरांकडून लिहवून घेतलेलं कार्ड आलं. पत्ता चुकल्यामुळे तीन आठवडे फिरत होतं. भाऊ मद्रासच्या लष्करी दवाखान्यात होता, जिवंत. पण त्याला एकट्याला चालवत नव्हतं, म्हणून आणायला मला बोलावलं होतं.