जेवायला गेले असतील

बाबा गेले त्याला आज वर्ष झालं, आणि माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबांचं इथे आखातात, देऱ्याच्या बाजारात, गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान. दुपारी एकला शटर खाली, अल मनखूलला घरी येऊन जेवण, मग झोप, चारनंतर पुन्हा शटर वर. उभं आयुष्य असंच काढलं.

आडवं होताना आईला रोज एकच वाक्य.

"चारला उठव गं."

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे दादाकडे गेलो. दादा इंग्लंडात नॉरफोकला असतो, समुद्रकाठच्या एका छोट्या गावात. आजूबाजूला शेतं, मेंढ्या, आणि बघायला इतकं की दादाने रोजचा प्लॅन करून ठेवलेला.

आईची मागणी एकच होती. बोटीतून जायचं आणि वाळूवर लोळणारे सील बघायचे. कुठल्यातरी व्हिडिओत तिने ते पाहिले होते.

"अगदी तुझ्या बाबांसारखे पडलेले असतात गं दुपारचे!"

आता ऐका.

सकाळी बाबा फोनवरून दुकान चालवायचे. मग जेवण. मग झोप.

"बाबा, आत्ता निघू या ना!"

"या उन्हात? ऊन उतरू दे जरा."

बाहेर अठरा डिग्री. दादा स्वेटर घालून गाडीपाशी उभा.

दीपगृहाला पोचलो, बंद. कोळशाच्या इंजिनाची शेवटची गाडी निघून गेलेली. पवनचक्कीला कुलूप. ज्या टी-रूमसाठी तासभर गाडी हाणली, तिथली बाई खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होती.

एखादा माणूस दुसऱ्या दिवशी तरी शहाणा झाला असता. बाबा प्रत्येक बंद दारासमोर बाक शोधायचे आणि निवांत बसायचे.

"उघडतील आता. जेवायला गेले असतील."

"बाबा, बंद झालंय. खलास. उद्या सकाळी उघडणार."

"एवढा लख्ख उजेड आहे! दिवसाउजेडी कोण धंदा बंद करतं?"

तिकडे उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

माझी मीरासुद्धा समजावून थकली. "आजोबा, इट्स क्लोज्ड. लाइक, क्लोज्ड क्लोज्ड."

"तू गप गं. धंदा मी केलाय."

माझ्या फोनमध्ये त्या ट्रिपचे ढीगभर फोटो आहेत. एकातही आम्ही आत गेलेलो नाही. सगळ्यांत बाबा बंद दरवाजासमोर बसून हसतायत.

शेवटचा दिवस सीलसाठी राखला होता. धक्क्यावर पोचलो तर तिकिटाची खिडकी बंद, बोटी दोरखंडाने बांधलेल्या. बाबांनी बाक गाठला, थर्मास उघडला, आईला शेजारी बसवलं.

मी तिथेच भडकले. "बाबा, तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती! एक!"

आजूबाजूचे गोरे वळून बघायला लागले. बाबांनी चहा ओतून कप आईच्या हातात दिला. मग आईकडे बघून म्हणाले, "पुढच्या वर्षी. सकाळची पहिली बोट. प्रॉमिस."

आई म्हणाली, "इन्शाल्ला."

आपल्याकडे एसीवाला "उद्या येतो, इन्शाल्ला" म्हणतो आणि कधीच येत नाही ना, अगदी त्या सुरात. आणि दोघं हसत सुटली.

परत आलो. थोड्याच महिन्यांत एका दुपारी बाबा जेवून आडवे झाले.

"चारला उठव गं."

आई चारला चहा घेऊन गेली. ते उठले नाहीत.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा दादाकडे गेलो, तेव्हा मी ठरवलंच होतं. काही झालं तरी आईला सील दाखवायचे. पहिल्या बोटीची तिकिटं मीच काढली. गजर लावला. दादाला दम दिला.

सकाळी आई म्हणाली, डोकं जड वाटतंय.

दादाने फोन करून, हातापाया पडून दुपारची बोट मिळवली.

दुपारी आई जेवली आणि आडवी झाली.

"आई! यल्ला, चल, ऊठ, बोट सुटेल!"

"ऊन उतरू दे जरा."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

चार वाजता आई आपली आपण उठली. साडी बदलली, वेणी घातली, थर्मासमध्ये चहा भरला.

"चला."

पोचलो. खिडकी बंद. बोटी बांधलेल्या. तोच बाक.

आई बसली. मध्ये नाही, अगदी कडेला, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

"आई, बंद झालंय. आता कोणी येणार नाही. तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग?"

तिने थर्मासचं झाकण उघडलं.

"थांब गं जरा. जेवायला गेले असतील."

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. तिच्या शेजारी जागा होती, पण मी उभीच राहिले.

सील आम्ही अजून बघितलेले नाहीत.

आज घरी वर्षश्राद्धाचं जेवण झालं. सगळे येऊन गेले. आई आत आडवी पडली आहे. पलंगाची बाबांची बाजू तिने अजूनही मोकळीच ठेवली आहे.

तुम्ही या पोस्टखाली श्रद्धांजली लिहाल. लिहा. मला नाही जमत. वर्ष झालं तरी नाही जमत.

बाबा, चार वाजून गेलेत.

उठा ना आता.