विमानाच्या वाटेतल्या नद्या

काय सांगू, माणसाच्या अकलेचं दिवाळं निघावं तरी किती उंचावर? माझं थेट आभाळात निघालं! तेही लग्न ठरायच्या वेळी.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी आरमोरीच्या शाळेत मास्तर होतो. विषय? भूगोल. हसू नका, पुढं अजून आहे.

नदीपलीकडे ब्रह्मपुरीत सुमन नावाची मुलगी पाहिली आणि मी खलास झालो. तिच्या आईला, म्हणजे मामींना, मी पसंत होतो. पण शेवटचा शब्द तिच्या वडिलांचा. हे मामाजी कलकत्त्याला सागवानाच्या धंद्यात, आणि स्वभावानं महाकडक. आधीची स्थळं त्यांनी उभ्या उभ्या परतवली होती. मला पाहायला ते विमानानं नागपूरला येणार होते, आणि त्यांना आणायला जाणार होतो मीच.

मामींनी विचारलं, "गुरुजी, इमान कवा पोचते?"

आमच्यात विमानात बसलेलं कोण होतं? मी शाळेतला नकाशा आणला, कलकत्ता ते नागपूर सुतळी ताणली, मैल काढले. विमानाचा वेग पेपरात वाचला होता. सकाळी निघालं तर दुपारपर्यंत नागपूर. इथवर हिशोब पक्का होता हो. इथंच थांबायचं ना?

पण सुतळीखाली निळ्या रेघा दिसल्या. सुवर्णरेखा, ब्राह्मणी, महानदी. आता आमच्याकडे वाटेत नदी लागली की काय होतं? डोंगा पलीकडच्या काठाला असतो आणि नावाडी जेवायला गेलेला असतो. जन्मभर असाच काठावर बसून प्रवास केलेला. त्या सवयीनं मी दर नदीमागे तास-दीड तास चढवत गेलो.

कोणी टोकावं की नाही? उलट मामी म्हणाल्या, "आपली वैनगंगा धरली का नाई? सगळ्यात जास्त तेच खोळंबवते."

धरली! तिला जरा जास्तच वेळ दिला, आणि विमान दिवस मावळताना पोचेल असं ठरलं. दाराआड सुमन खुदकन हसली. मला वाटलं, लाजली.

तर आदल्या दिवशी निघायचं सोडून मी त्याच सकाळी ऐटीत गाडीत बसलो. दिवस मावळताना विमानतळावर पोचलो, तर सगळीकडे सामसूम. एक गृहस्थ तेवढे ट्रंकेवर बसलेले, दुपारपासून उपाशी.

"काऊन उशीर झाला?" मामाजींनी विचारलं.

मी म्हणालो, "मामाजी, वाटेत नद्या होत्या ना. तुमच्या." आणि सगळा हिशोब समजावून सांगायला लागलो. महानदीपर्यंत आलो आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, विमान उडतं की!

परतीच्या गाडीत मामाजी खिडकीबाहेर तोंड करून बसले. मी मनातल्या मनात सुमनचा निरोप घेऊन टाकला.

घरी मामींनी भीत भीत विचारलं, पोरगा कसा वाटला म्हणून. मी ओसरीवर कान देऊन उभा होतो.

मामाजी म्हणाले, "आतावरी आले ते सगळे थापाडे. हा गाडी लेट होती म्हनला असता, तर मी मानलं असतं. पण थाप सुचाले डोकं लागते, अन् याले ते देल्लंच नाई देवानं. आपली पोरगी सुखात राहीन. हो म्हनून टाक."

लोक देवाकडे बुद्धी मागतात. मी कधी मागितली नाही. आहे तेवढ्यात सुमन मिळाली, त्याचे उपकार अजून फिटत नाहीत.