कार्ब्युरेटरच्या तोंडावर हात

लालबागच्या नाक्यावर अ‍ॅम्ब्युलन्स पुन्हा बंद पडली, तेव्हा माझं टाळकं सटकलं. पुढे मोर्चा, मागे मोर्चा. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी कान बधिर झालेले.

आत शांताबाई. गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला. घसा सुजून श्वास कोंडला, म्हणून डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन व्हायचं होतं. नळीत कफ भरला की बाई काळीनिळी पडायची. शेजारी नवरा, गणपतराव, तिचा हात धरून बसलेला.

कफ ओढायला वेगळा पंप नव्हता. आमच्या भोईवाड्याच्या गॅरेजने डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक खटपट केली होती. चालू इंजिन हवा खेचतं. त्या खेचण्यालाच रबरी नळी जोडली, मध्ये कफ साठायला बाटली. पळत्या गाडीत हे झकास चालायचं. पण गाडी उभी, म्हणजे आयडलिंगला, इंजिन जेमतेम श्वास घेतं. त्यात नळीतून जादा हवा शिरली की पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन आचके देऊन मरतं. हीच तक्रार होती, म्हणून मी मेकॅनिक आज ट्रायलला बसलो होतो.

"जुवेकर, काहीतरी करा," कुमुद सिस्टर म्हणाली. "गळ्यातली नळी भरत आलीय."

ड्रायव्हर भिकाजीने हँडल मारलं. इंजिन लागलं. "रेस देव काय?"

"पाय लावू नकोस मेल्या. थ्रॉटल एकदम उघडलास की नळीची ओढ जाते."

मी उतरलो. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवलं. सिस्टरने कफ ओढायची रबरी नळी लावली, इंजिन थरथरलं पण तगलं. हुश्श म्हणतोय तोवर तिने ती काढून तिला चिमटा लावला. आता हवा कमी, पेट्रोल जास्त. काळा धूर काढून गाडी बंद. इकडे आड, तिकडे विहीर. स्क्रू एकाच जागी बसतो, आणि कफ काय विचारून येतो? हवा अडवणाऱ्या चोकने भागलं असतं, तर त्याची वायर मघाशीच तुटलेली.

भिकाजीने परत हँडल मारलं. मी स्क्रू पहिल्या जागी आणला, एअर क्लीनर काढून फेकला आणि बॉनेटचं एका बाजूचं पान उघडून फूटबोर्डवर चढलो. कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात धरला. हात दाबला की वरची हवा कमी होते, उचलला की वाढते.

"सिस्टर, नळी लावताना ओरडा. काढताना पण ओरडा."

"लावते." मी दाबला. "काढली." मी उचलला. इंजिन तगलं. भिकाजीने गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे घेतली.

पण घोषणांचा दणका उठला आणि पुढचं "लावते" मला ऐकूच आलं नाही. कार्ब्युरेटरने ठसका दिला. आगीचा लोळ तळहातावर. आईशप्पथ, डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात काढला नाही, कारण काढला असता तर इंजिन गेलं असतं.

"ऐकू येत नाही," मी आत बघून बोंबललो. "आवाज बंद करा कोणीतरी."

गणपतराव उडी मारून उतरले आणि गाडीपुढे धावले. "गप ऱ्हावा रे. माझी बायको हाय आत. तिचा श्वास ह्या मिस्त्रीच्या कानावर हाय."

आधी जवळचे गप्प झाले. मग "गप रे, आत बाई आहे" असा निरोप पुढे पुढे सरकत गेला. अख्खा रस्ता दणाणून सोडणारी माणसं ती, पण वाट मोकळी करून मुकाट उभी राहिली. परळपर्यंत मला फक्त इंजिन आणि कुमुद सिस्टर ऐकू येत होती. लावते. काढली. मला रडू येत होतं आणि लाजही वाटत नव्हती.

शांताबाई वाचल्या. त्यांना ऑपरेशनला आत नेल्यावर गणपतरावांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "अहो सोडा, भाजलाय तो," मी खेकसलो. त्यांना ते कळेना. धरून रडतच राहिले.

गॅरेजमध्ये आल्यावर मालकांनी विचारलं, "फॉल्ट काय होता?"

"इंजिनात काही नाही. एका श्वासावर आपण दोघांना जगवत होतो."

त्या आठवड्यात आम्ही ती नळी काढली आणि वेगळा पंप बसवला. माणसाच्या श्वासासाठी इंजिनाचा श्वास उसना घेऊ नये.