बर्फ्याची आगटी

कोल्ड स्टोरेजमध्ये उभं आयुष्य काढलेल्या माणसाला लोक बर्फ्या म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? नाव मुकादमानं ठेवलं होतं आणि ते असं चिकटलं, की लग्नानंतर त्याची बायकोसुद्धा गल्लीत ‘बर्फ्याची बायको’ झाली. ती लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. दिवसभर वाफेत उभी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग. “एक बर्फात, एक वाफेत. घरात पाणी तरी कोमट राहील,” असं बर्फ्या भेटेल त्याला सांगायचा आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच हसायचा.

काम मात्र हसण्यासारखं नव्हतं. आत मासळीच्या पेट्यांच्या छतापर्यंत थप्प्या. दार उघडलं की पांढरी वाफ अंगावर यायची आणि मिशीवर लगेच बर्फ धरायचा. जाड कोट, दोन-दोन मोजे, गुडघ्यापर्यंत बूट, तरीही थोड्या वेळात बोटं परकी वाटू लागायची. सुट्टी झाली की सगळे हमाल बाहेरच्या भिंतीला पाठ लावून ऊन खात बसायचे. तिथं बसून बर्फ्या बोलायचा ते एकच. स्वतःचं घर बांधणार आणि बसायच्या खोलीत भिंतीत आगटी करणार. पुढ्यात खुर्ची टाकायची, पाय पसरायचे आणि मरेपर्यंत उठायचं नाही.

भाड्याच्या दोन खोल्यांत आगटी कुठली? पण नोकरी संपली, गावाच्या वरच्या अंगाला, उतारावर, एक लहानशी जागा मिळाली आणि घर उभं राहू लागलं. भिंती छातीपर्यंत आल्या तेव्हापासून बर्फ्याला दुसरं काही सुचेना. स्वयंपाकघराचा ओटा कुठं, न्हाणीघर कुठं, हे सगळं त्यानं बायकोवर सोपवलं. बसायच्या खोलीत मात्र तो खडू घेऊन उतरला. जमिनीवर खुर्ची काढली, भिंतीवर आगटीचं तोंड काढलं, पुसलं, पुन्हा काढलं.

लेक फर्निचरच्या दुकानात कामाला होती. तिनं मोबाईलवर पाच-पंचवीस फायरप्लेस दाखवल्या.

“बाबा, ही बघा, काचेच्या दाराची. धूर नाही, राख नाही. ही तर विजेवरची आहे, आत नुसता जाळ दिसतो.”

“जाळ दिसून काय करू? मला काय त्याच्याबरोबर फोटो काढायचाय?”

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. तिला आगटी गुडघ्याइतकी उंच हवी होती, पुढं लोखंडी जाळीचं दार. “राख काढायला मीच वाकणार आहे. आणि विस्तवाला दार हवंच. विस्तव काय असतो ते मला विचारा,” असं म्हणून तिनं हात पुढं केले.

गवंडी गप्पिष्ट होता, पण माणूस कामाचा. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं. “वहिनींचं बरोबर आहे,” तो म्हणाला. “भाऊ, तुम्ही म्हणता तसं तोंड रुंद आणि जमिनीला टेकलेलं केलं तर धूर खोलीत येईल. मग धुराडं उंच न्यावं लागेल, म्हणजे धुराला ओढ मिळेल. होतं सगळं. पण दार तरी ठेवा.”

“दार नाही,” बर्फ्या म्हणाला. “सगळा जन्म दारामागं काढलाय.”

हौसेला मोल नसतं म्हणतात. बायकोनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं आणि ती गवंड्याला म्हणाली, “करा हो त्यांच्या मनासारखं. जन्मभर गारठलेत.”

एवढ्यावर बर्फ्या थांबला नाही. त्याला पायांसाठी एक दगडी लादी हवी होती, आगटीच्या तोंडाला लागून, किंचित चढती. काळा दगड उष्णता धरून ठेवतो, म्हणून काळाच. तो खुर्चीत बसला, पाय लांब केले आणि गवंड्यानं टाचा जिथं टेकल्या तिथं पेन्सिलीनं खूण केली.

“फार जवळ होत नाही ना?” गवंड्यानं विचारलं.

“जवळच हवंय.”

आता बर्फ्यानं जिच्याबद्दल ताकास तूर लागू दिली नव्हती ती गोष्ट सांगायला हवी. त्याचे पाय मेले होते. म्हणजे चालत होते, वजन पेलत होते, पण तळव्यांना काही कळत नव्हतं. आधी बोटं बधिर झाली, मग चवडे, मग टाचा. नोकरीत असताना हे बोलायची सोय नव्हती. ज्याचे पाय गेले त्याला आतून काढून फाटकापाशी झाडू मारायला बसवत आणि बाकीचे त्याच्याकडं कीव केल्यासारखं बघत. म्हणून प्रत्येकजण दुखणं अंगावर काढायचा. बर्फ्याला ती सवय लागली ती लागलीच. नोकरी सुटली तरी तोंड उघडलं नाही. चालताना पायातली चप्पल निसटून मागं रस्त्यात राहायची आणि हा एका पायानं अनवाणी घरी यायचा. बायको पोट धरून हसायची. “अहो, चप्पल कुठं सांडून आलात?” मग तोही हसायचा. तिला वाटायचं, माणूस आपल्याच तंद्रीत असतो.

आणि खरं सांगायचं तर त्याला त्या आगटीकडून आशा होती. थंडीनं गेलं ते उबेनं परत येईल, असं त्यानं मनाशी धरलं होतं. डॉक्टरला विचारलं असतं तर त्यानं ‘नाही’ म्हटलं असतं. म्हणून विचारलंच नाही.

घर झालं. थंडी पडली. पहिल्यांदा जाळ केला तेव्हा धूर खोलीत आला, सगळे खोकले, गवंड्यानं धुराड्यात डोकं घालून काहीतरी खरवडलं आणि मग जाळ असा सरळ वर ओढला गेला की बर्फ्याचे डोळे भरून आले. धुरानंच, असं तो म्हणाला. त्या हिवाळ्यात तो रोज संध्याकाळी खुर्चीत बसे, काळ्या लादीवर पाय टाकी, आणि तोंडावर ऊब घेई. चेहऱ्याला कळायचं, हातांना कळायचं. पायांची तो वाट बघत होता. एकदा डाव्या तळव्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं. तो दिवसभर खुशीत होता. मुंग्या परत आल्या नाहीत.

ती संध्याकाळ रोजच्यासारखीच होती. बायको आत पीठ मळत होती. बर्फ्याला जुन्या मुकादमाचा फोन आला होता आणि तो आगटीचं वर्णन करण्यात रंगला होता. लाकडाचा ओंडका मधोमध मोडला, एक निखारा घरंगळत लादीवर आला आणि चढाला अडून त्याच्या उजव्या टाचेपाशी थांबला. त्यानं तो पाहिला नाही. पायांवर घोंगडी होती.

आत बायकोच्या नाकाला वास लागला. लोकर जळल्याचा. हा वास तिच्या ओळखीचा होता. कुणी गरम इस्त्री कपड्यावर विसरली की लॉन्ड्रीत हाच वास सुटायचा. ती पिठाच्या हातानं बाहेर आली. नवरा फोनवर हसत होता आणि घोंगडीखालून धूर येत होता.

तिनं घोंगडी ओढली, तांब्यातलं पाणी ओतलं. मोजा काळा पडून कातडीला चिकटला होता.

“काय झालं?” बर्फ्यानं विचारलं. फोन अजून कानाला होता.

तिच्या तोंडाकडं बघून त्यानं मग खाली पाहिलं.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण त्यानं नेमका प्रश्न विचारला. “काका, पायाला कळत नाही हे कधीपासून?”

बायको पलंगाच्या कडेला उभी होती. बर्फ्यानं भिंतीकडं पाहिलं. “झाली काही वर्षं.”

“कितीशी?”

“नोकरीत होतो तेव्हापासून.”

रक्त तपासलं तर साखर निघाली, तीही भरमसाट. थंडीनं किती खाल्लं आणि साखरेनं किती, हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाला. सांगून उपयोगही नव्हता. जखम भरेना. आधी टाच गेली, मग चवडा काळा पडला, आणि शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सही करायची वेळ आली तेव्हा बर्फ्यानं स्वतःच केली. “आतापर्यंत तरी कुठं माझा होता तो,” म्हणाला. या विनोदावर कुणी हसलं नाही.

बायको इस्पितळात सगळं करत होती, पण बोलत नव्हती. जेवण भरवायची, अंग पुसायची, आणि खिडकीपाशी जाऊन बसायची. घरी जायच्या आदल्या दुपारी तोच म्हणाला, “अगं, काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर.”

ती खिडकीपासून वळली. “तुम्ही मला हसवत होतात.”

“म्हणजे?”

“चपलांवरून. मी हसायची आणि तुम्हीही हसायचात. तुम्हाला ठाऊक होतं. मी मूर्खासारखी शेजारणींना सांगत फिरले, आमचे हे कसे विसरभोळे म्हणून.”

“तुला घोर नको म्हणून…”

“घोर माझा होता. तो मला द्यायला हवा होतात.” तिचा आवाज चढला नाही. “दार नको म्हणालात, मी ऐकलं. लादी जवळ हवी म्हणालात, तेही ऐकलं. एक शब्द बोलला असतात तर मी त्या खुर्चीत तुम्हाला बसू दिलं असतं का?”

बर्फ्या म्हणाला, “चुकलं माझं.” ती म्हणाली, “हो,” आणि ताट घासायला उचलून घेऊन गेली.

घरी आल्यावर लेकीनं आगटी विटा लावून बंदच करायची म्हणून गवंड्याला बोलावलं. तो आला, दाराशी चपला काढून उभा राहिला. एरवी तोंडाला खळ नसलेला माणूस, पण त्या दिवशी “भाऊ, खूण मीच केली होती,” एवढंच म्हणाला.

“टाचा माझ्याच होत्या,” बर्फ्या म्हणाला. “तू कशाला मनाला लावून घेतोस? टाक बुजवून.”

“बुजवायची नाही,” बायको आतून आली. “घरात गारठा आहे आणि हे आता जागचे हलत नाहीत. मी आधी सांगितलं होतं तशी करा. उंच. जाळीच्या दाराची. आणि तो काळा दगड उचलून न्या, कुठंही टाका.”

“आई, तुला त्या जाळाकडं बघवेल तरी का?” लेकीनं विचारलं.

“मला बघायचा नाहीये. वापरायचाय.”

गवंड्यानं दोन दिवसांत काम उरकलं. दगड छिन्नीनं फोडूनच काढावा लागला. बर्फ्या पलीकडच्या खोलीत पडून तो आवाज ऐकत होता. आता त्याची खुर्ची आगटीपासून लांब, भिंतीशी असते. जाळीतून जाळाचे चौकोनी तुकडे दिसतात. ऊब पोचते तेवढी पोचते.

डॉक्टरांनी दुसऱ्या पायावर नजर ठेवायला सांगितलं होतं. दर महिन्याला एका संध्याकाळी बायको त्याच्यापुढं खाली बसते, पाय मांडीवर घेते, बोटांच्या बेचक्यांत बघते, टाच उलटी करून बघते. मग कापसाचा बोळा तळव्यापासून वर फिरवते.

“कळतंय?”

“नाही.”

“इथं?”

“नाही.”

आता तो खरं सांगतो. तीही खरं काय ते ऐकून घेते, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. घोट्याच्या वर, नडगीवर कुठंतरी तो म्हणतो, “हां. इथं.” तिथं ती पेनानं बारीक रेघ ओढते. मागच्या महिन्याची रेघ अंघोळीनं पुसट होते, पण ती मधूनमधून गिरवते, म्हणून दिसते.

या खेपेला नवी रेघ दोन बोटं वर आली. तिनं पायात मोजा चढवला, सुरकुती राहिली नाही ना हे पाहिलं, आणि उठून आगटीत लाकूड घातलं.