बाबांनी उभा केलेला डोंगर

मुलीने दुबई आणि शांघायच्या उंच इमारतींचे फोटो पाठवून विचारलं, "यातलं कुठलं शहर भारी दिसतं?" मला मुळगाव या आमच्या खाणीच्या गावातलं अंगण आठवलं.

बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. एकदा दुपारी चारच्या सुमाराला घरी येताच लाल धुळीने माखलेल्या हाताने त्यांनी पश्चिमेचा खाणमातीचा ढीग बघ म्हणून दाखवला. "पळय, तो डोंगर आमी उबो केलो!" मी शाळेत सगळ्यांना ते ऐटीत सांगितलं.

बाबा ढीग दाखवत होते तेव्हा आई अंगणातच होती. ढिगाची सावली अंगणात आली होती, म्हणून उकड्या तांदळासाठी उकडलेलं भात वाळत घातलेली चटई तिने उन्हात ओढली. पूर्वी ती चटई तुळशीपाशीच असायची. त्या दिवशी ती कुंपणाला टेकली. त्यापुढे अंगण नव्हतं.